रिकंबंटचा पुढचा फोर्क: कार्बन की स्टील, मापं कशी घ्यायची आणि बसवायचा कसा

पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायच्या सायकलीला, म्हणजे रिकंबंटला, फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग, निवडताना बहुतेक जण आधी वजन विचारतात. वजनाचा नंबर खरं तर बराच मागे लागतो. फोर्क आपल्या फ्रेममध्ये बसतो का, खड्ड्याचा मार सोसतो का आणि ब्रेक कुठे लागणार, या तीन गोष्टी आधी बघायच्या. त्या मिटल्या की कार्बन (म्हणजे कार्बन फायबर) की स्टील हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात चालवणाऱ्यांसाठी आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. पुढचं चाक २० इंची असेल तर क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या, स्टीलचा फोर्क घ्या. दोन्ही चाकं मोठी असतील, टायर किमान २८ मिलिमीटरचा असेल आणि फिरणं मुख्यतः हमरस्त्यावर असेल, तर कार्बन फोर्क चांगला चालतो. बाकी सगळा मजकूर हे असं का, आणि करायचं कसं, याबद्दल आहे.

रिकंबंटवर फोर्कला वेगळा मार का बसतो

साध्या सायकलवर खड्डा दिसला की आपण पेडलवर उभे राहतो, कोपरं सैल सोडतो आणि पुढचं चाक हलकं करून पलीकडे काढतो. बराचसा मार हातापायांत जिरतो. रिकंबंटवर पाठ सीटला टेकलेली असते, उठायला जागाच नाही. चाक खड्ड्यात गेलं की अंगाच्या वजनासकट जातं. आखूड व्हीलबेसच्या, म्हणजे दोन धुऱ्यांमधलं अंतर कमी असलेल्या, रिकंबंटवर जवळपास निम्मं वजन पुढच्या चाकावर असतं, आणि ते चाक अनेकदा २० इंची. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि समोरच्या कडेवर जास्त उभ्या कोनात आदळतं. तो धक्का फोर्कच्या पायांतून थेट क्राउनला, म्हणजे दोन पाय जिथे वरच्या नळीला (स्टीअररला) मिळतात त्या जागेला बसतो.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. साध्या सायकलवर पुढचा ब्रेक जोरात दाबला तर मागचं चाक उचलतं, त्यामुळे ब्रेक किती जोरात लागू शकतो याला मर्यादा येते. ती साधारण गुरुत्वाकर्षणाच्या ०.५ ते ०.६ पट. रिकंबंटचा भार खाली असतो, ती सहजी उलटत नाही. कोरड्या, चांगल्या डांबरावर टायरची पकड सुटेपर्यंत, म्हणजे ०.८ पटीच्या आसपास, ब्रेक लागू शकतो आणि त्या वेळी जवळजवळ सगळा भार पुढच्या चाकावर येतो. सायकल आणि माणूस मिळून ९५ किलो धरा. साध्या सायकलवर ०.६ पटीला जमिनीपाशी सुमारे ५६० न्यूटन जोर लागतो, रिकंबंटवर ०.८ पटीला सुमारे ७४५. मोठ्या चाकाच्या सायकलवर जमिनीपासून क्राउनपर्यंतचं अंतर साधारण ७१५ मिलिमीटर, २० इंचीवर साधारण ५५०. गुणाकार केला तर क्राउनपाशी वाकवणारा जोर दोन्हीकडे ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास येतो. फोर्क आखूड आहे म्हणून त्यावर ताण कमी, हा हिशेब इथे चालत नाही.

लांब व्हीलबेसच्या रिकंबंटवर पुढचं चाक बरंच हलकं असतं, तिथे कोणताही धड फोर्क चालतो. डेल्टा ट्राइक, म्हणजे पुढे एक आणि मागे दोन चाकं, हे मात्र वेगळं प्रकरण आहे. ती वळणावर झुकत नाही, त्यामुळे पुढच्या फोर्कला आडवा भार बसतो. सायकलीचे कार्बन फोर्क झुकणाऱ्या सायकलीच्या भारासाठी बनवलेले असतात. डेल्टाला स्टीलच लावा. पुढे दोन चाकांच्या टॅडपोल ट्राइकला पुढे फोर्कच नसतो.

आता आपले रस्ते. कोल्हापूर ते निपाणी, संकेश्वर, बेळगाव हा राष्ट्रीय महामार्ग ४८ सायकलला गुळगुळीत आहे, पण पुलांच्या जोडांवर धारदार कडा असतात आणि गावांजवळच्या सर्व्हिस रोडचा भरवसा नसतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाकडे जाताना पावसाळ्यानंतर डांबराचे पॅच आणि त्यांच्या उभ्या कडा भेटतात. चिकोडी-अथणीच्या बाजूला ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांनी आणलेली काळ्या मातीची वाळलेली ढेकळं डांबरावर पडलेली असतात, आणि गावोगावी रंग उडालेले गतिरोधक. झोपून चालवणाऱ्याचे डोळे जमिनीपासून कमी उंचीवर असल्याने हे सगळं उशिरा दिसतं. त्यामुळे इथे फोर्क निवडताना वर्षातून एकदा तरी ताशी ३० किलोमीटरने न दिसलेला खड्डा लागणार, असं धरूनच चालावं.

फोर्क कुठला शोधायचा

रिकंबंटसाठी खास बनवलेले फोर्क फार थोडे. यामागे जुना इतिहास आहे. १९३३ साली फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूने अशाच आडव्या सायकलीवर तासात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापून विक्रम केला. पुढच्याच वर्षी, १९३४ ला, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतींच्या सायकलीची व्याख्या अशी केली की रिकंबंट बाहेर राहिली. शर्यती नाहीत म्हणून मोठे कारखाने नाहीत, आणि कारखाने नाहीत म्हणून सुटे भाग नाहीत. त्यामुळे फोर्क दुसऱ्या प्रकारच्या सायकलींकडून उसना घ्यावा लागतो: २० इंचीसाठी फोल्डिंग, मिनी-व्हेलो (लहान चाकांच्या सायकली) आणि बीएमएक्सचे, मोठ्या चाकांसाठी रोड आणि ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याच्या) सायकलींचे.

उसना भाग घेतला की प्रत्येक माप स्वतः तपासणं आलं.

मापं

सुरुवात चाकापासून करा. टायरच्या बाजूवर ४०-४०६ असा आकडा असतो. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २० इंची म्हणून विकली जाणारी दोन चाकं आहेत: ४०६ आणि ४५१. व्यासात ४५ मिलिमीटरचा फरक, म्हणजे रिम साडेबावीस मिलिमीटर वरखाली. रिम ब्रेक असेल तर ४५१ च्या फोर्कवर ४०६ चं चाक लावून ब्रेकचे रबर रिमला लागणारच नाहीत. २६ इंचीतही ५५९ हे एमटीबीचं, ५७१ हे जुन्या छोट्या रेसिंगचं आणि ५९० हे साध्या सायकलीचं. ७०० सी म्हणजे ६२२, आणि आपल्या जुन्या अठ्ठावीस इंची डबलबारचं ६३५. इंचावर विश्वास ठेवू नका, मिलिमीटर वाचा.

मग स्टीअरर, फोर्कची वरची नळी. व्हर्निअरने बाहेरचा व्यास घ्या. २५.४ म्हणजे एक इंची, २८.६ म्हणजे सव्वा इंचाच्या आतला, ज्याला सगळे एक-एक-अष्टमांश म्हणतात. वर २८.६ आणि खाली सुमारे ३८ असेल तर तो टेपर्ड. हेड ट्यूबचा, म्हणजे फ्रेमच्या ज्या नळीत स्टीअरर फिरतो तिचा, आतला व्यास ३४ मिलिमीटर असेल तर त्यात २८.६ चा सरळ स्टीअरर बसतो, टेपर्ड बसत नाही. ४४ मिलिमीटरच्या हेड ट्यूबमध्ये योग्य हेडसेट (स्टीअररच्या बेअरिंगचा संच) घेऊन दोन्ही बसतात. एक इंची स्टीअरर मोठ्या हेड ट्यूबमध्ये रिड्यूसर लावून बसवता येतो, उलटं मात्र होत नाही. हेड ट्यूब बोअर करून मोठी करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, भिंत पातळ होऊन वेल्डपाशी तडकते.

पुढचं माप धुरा ते क्राउन. क्राउनवर ज्या बैठकीवर खालची बेअरिंग रेस बसते, तिथपासून धुऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर. ४०६ चे फोर्क साधारण २८० ते ३२० मिलिमीटर, ७०० सी चे रिम ब्रेकवाले ३७० च्या आसपास, ग्रॅव्हलचे डिस्कवाले ३९५ च्या आसपास. नवा फोर्क १० मिलिमीटर लांब असला, तर मीटरभर व्हीलबेसवर हेड ट्यूबचा कोन सुमारे अर्धा अंश मागे पडतो. तेवढं चालतं. २५-३० मिलिमीटरचा फरक असेल तर सायकलीचा स्वभावच बदलतो.

चौथं माप रेक, म्हणजे स्टीअररच्या मध्यरेषेपासून धुरा किती पुढे आहे ते. घरच्या घरी हे नीट मोजता येत नाही. उद्यमबागेत किंवा मच्छे वसाहतीत ओळखीचा लेथवाला असेल तर त्याच्याकडे सरफेस प्लेट, व्ही-ब्लॉक आणि हाइट गेज असतंच. स्टीअरर व्ही-ब्लॉकवर आडवा ठेवायचा, फोर्कचे पाय वरच्या दिशेला वळलेले राहतील असा. स्टीअररच्या मध्याची उंची घ्यायची, मग ड्रॉपआउटच्या, म्हणजे पायाच्या टोकाला धुरा बसतो त्या जागेच्या, खाचेच्या मध्याची. फरक म्हणजे रेक. त्याच वेळी दोन्ही ड्रॉपआउटची उंची सारखी आहे का तेही कळतं. जुना फोर्क आणि नवा फोर्क, दोन्ही मोजून घ्या.

रेकवरून ट्रेल, म्हणजे स्टीअररची रेषा जमिनीला मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, निघतं, आणि रिकंबंट सरळ जाते की डुलते हे बरंचसं ट्रेलवर ठरतं. सूत्र असं: चाकाची त्रिज्या गुणिले हेड कोनाचा कोसाइन, त्यातून रेक वजा, आणि उत्तराला कोनाच्या साइनने भागायचं. ४०-४०६ टायरची त्रिज्या २४३ मिलिमीटर, हेड कोन ७२ अंश, रेक ३५ असेल तर ट्रेल ४२ मिलिमीटर. तोच फोर्क ४५ रेकचा घेतला तर ट्रेल ३२ वर येतं. दहाचा फरक, पण हाताला लगेच जाणवणारा. ट्रेल कमी झालं की सायकल हलक्या हाताने वळते, वेगात मात्र चुळबुळ करते. जास्त झालं की वेगात गाडी रुळावर बसते, पण घाटाच्या चढावर ताशी ६-७ किलोमीटरला हँडल एका बाजूला पडायला लागतं. रिकंबंटवर अंग हलवून तोल सावरता येत नसल्याने हा दुसरा त्रास जास्त छळतो. जुन्या ट्रेलच्या पाच मिलिमीटर इकडे-तिकडे राहिलात तर हात पुन्हा बसवावा लागत नाही.

ड्रॉपआउटमधली रुंदी बहुतेक पुढच्या चाकांना १०० मिलिमीटर असते, काही फोल्डिंग सायकलींना ७४. ७४ चा फोर्क १०० ला ओढून बसवू नका. खाच ९ मिलिमीटर क्विक रिलीजची आहे, १० मिलिमीटर नटची आहे, की १२ वा १५ मिलिमीटर थ्रू-ॲक्सल, तेही बघा. बीएमएक्सचे फोर्क मजबूत असतात पण अनेकांना ब्रेकची सोयच नसते, फोटोत हे लक्षात येत नाही.

ब्रेकबद्दल एकच पण महत्त्वाचं. ज्या फोर्कला कारखान्यातूनच डिस्क माउंट नाही, त्याला तो नंतर लावू नका, कार्बनला तर नाहीच. डिस्क ब्रेक सगळा जोर डाव्या पायाच्या खालच्या भागावर टाकतो, रिम ब्रेक तो क्राउनवर टाकतो. रिम ब्रेकच्या स्टील फोर्कच्या पातळ डाव्या पायावर पट्टी वेल्ड केली, तर काही महिन्यांत पाय वेल्डच्या वरच्या कडेला वाकतो किंवा चिरतो. २० इंची चाकाला १६० मिलिमीटरची डिस्क भरपूर झाली, १८० ची गरज नाही.

शेवटी मोकळी जागा. टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर किमान ६ मिलिमीटर, मडगार्ड लावायचं असेल तर वर १५. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात लाल चिखल टायरला चिकटून क्राउनखाली ठासतो. स्टीलचा त्याने फक्त रंग जातो. कार्बनवर तोच खडेमिश्रित चिखल कानशीसारखा काम करतो.

चेन आणि टाच

रिकंबंटवरच येणारी ही भानगड आहे, म्हणून वेगळी लिहितो. आखूड व्हीलबेसवर चेन पुढच्या क्रँकपासून मागे येताना फोर्कच्या अगदी जवळून जाते. फोर्क बसवल्यावर सायकल स्टँडवर घ्या, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि सगळ्यात मोठ्या व सगळ्यात लहान गिअरमध्ये चेन कुठे घासते ते बघा. स्टीलवर घासली तर आवाज येतो, रंग जातो, आपल्याला कळतं. कार्बनवर चालती चेन करवतीचं काम करते, पाय थोड्याच अंतरात खोलवर कापला जातो. चेन ट्यूब लावून किंवा आयडलर (चेनला वाट दाखवणारी कप्पी) थोडा सरकवून हे सुटत नसेल, तर त्या फ्रेमला कार्बन फोर्क नको. एअरो आकाराचे कार्बन फोर्क पुढून मागे रुंद असतात, त्यामुळे जुना गोल पायांचा फोर्क मोकळा होता म्हणून नवाही असेल असं धरू नका. टाचेचंही तसंच. क्रँक फिरवून बघा, डिस्क कॅलिपर बाहेर आलेला असेल तर डावी टाच तिथेच आपटते.

स्टील

साधं हाय-टेन स्टील आणि क्रोमोली यांचा ताठपणा जवळजवळ सारखाच, फरक ताकदीचा. क्रोमोली जास्त ताण सोसते म्हणून नळी पातळ ठेवता येते, फोर्क हलका होतो. ४०६ चा क्रोमोली फोर्क साधारण ७०० ते ९०० ग्रॅम भरतो. किलोच्या बराच वर असेल तर तो हाय-टेन असण्याची शक्यता जास्त. चुंबक दोघांनाही चिकटतं, त्याने काही कळत नाही.

स्टीलचा मोठा गुण म्हणजे ते तुटण्याआधी वाकतं. क्राउनच्या खाली पायाच्या मागच्या बाजूला रंगाला बारीक सुरकुत्या दिसल्या की फोर्क मागे गेला समजा. ड्रॉपआउट एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे असतील तर जाणता मेकॅनिक थंड अवस्थेत सरळ करून देतो. पाय वाकला असेल तर सरळ करून वापरू नका, एकदा वाकून परत आलेली जागा पुढच्या खेपेला लवकर जाते.

वेल्डिंगबद्दल. मडगार्डचा कान, दिव्याची पट्टी असल्या गोष्टी गॅसवर पितळी जोडाने लावता येतात. क्रोमोली तापवल्यावर पाण्यात बुडवून थंड करायची नाही, हवेतच निवू द्यायची, नाहीतर जोडाशेजारचा भाग ठिसूळ होतो. क्राउन आणि स्टीअररचा जोड मात्र गेट-ग्रिल करणाऱ्या दुकानात कधीही शिवायचा नाही.

स्टीलचा शत्रू आतला गंज. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात पाणी पायांच्या लहान भोकांतून आत जातं आणि बाहेर यायला महिने लावतं. नवा फोर्क बसवण्याआधी प्रत्येक पायात आणि स्टीअररमध्ये दोन-तीन चमचे उकळलेलं जवसाचं तेल घाला, फोर्क सगळ्या बाजूंनी फिरवा, उलटा टांगून दोन दिवस निथळू द्या. आत पातळ थर वाळून बसतो. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, मग फेका. पावडर कोटिंग करायचं असेल तर स्टीअरर, रेसची बैठक, आटे आणि डिस्क माउंटचे तोंड टेपने झाकायला सांगा.

कार्बन

मोठ्या चाकाचा पूर्ण कार्बन फोर्क ३५० ते ५५० ग्रॅम भरतो. स्टीलच्या तुलनेत साधारण ४०० ग्रॅम वाचतात. ९५ किलोच्या जोडगोळीत ते अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणजे तासभराच्या घाटचढाला साधारण पंधरा सेकंद. यासाठी कार्बन घेणार असाल तर पुन्हा विचार करा.

आरामाचं म्हणाल तर मोठ्या चाकाचा कार्बन फोर्क खडबडीत डांबराची बारीक थरथर खरोखर कमी करतो, आणि डोकं सीटला टेकून चालवणाऱ्याला ते मानेत जाणवतं. निपाणी ते बेळगावसारख्या लांब पल्ल्याला हा फायदा खरा आहे. २० इंची फोर्कचे पाय मात्र इतके आखूड की कार्बन असो वा स्टील, लवचिकता जवळपास नाहीच. तिथे आराम टायरमधून मिळवावा. २८ चा टायर काढून ४० चा लावा, वजनानुसार ४५ ते ५५ पीएसआय हवा भरा. कुठल्याही फोर्कपेक्षा याचा फरक जास्त पडतो, खर्चही कमी.

पूर्ण कार्बन आणि कार्बनचे पाय अधिक ॲल्युमिनियमचा स्टीअरर, असे दोन प्रकार मिळतात. रिकंबंटला दुसरा प्रकार बरा. कारण रिकंबंटच्या हँडलला लांब रायझर असतो. चालवताना त्यावर अंगाचा भार नसतो, पण बसता-उठताना माणूस हँडलला धरून स्वतःला ओढतो, आणि त्या लांब दांड्याची सगळी तरफ स्टीअररच्या वरच्या चार सेंटिमीटरवर येते. कार्बनच्या स्टीअररवर स्टेमखाली (स्टेम म्हणजे हँडल स्टीअररला पकडणारा भाग) किती स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या कड्या, चालतील याची मर्यादा उत्पादक देतो, बहुधा ३० ते ४० मिलिमीटर. उंच रायझर हवा म्हणून ती ओलांडू नका.

कार्बन फोर्क पावडर कोटिंगला कधीच देऊ नका. त्या भट्टीचं तापमान १८० ते २०० अंश सेल्सिअस असतं, कार्बनला धरून ठेवणारं रेझिन त्याआधीच मऊ पडतं. बाहेरून फोर्क देखणा दिसेल आणि आतून निकामी झालेला असेल. रंग बदलायचाच असेल तर साध्या स्प्रे रंगाचा पातळ थर द्या, पेंट रिमूव्हर लावू नका. तसंच कार्बनला लागून असलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यात गंजतं. ॲल्युमिनियम ड्रॉपआउटच्या जोडापाशी पांढरी भुकटी दिसली तर पावसाळा संपताच नीट तपासा.

बसवणं

आधी खालची रेस. २८.६ च्या स्टीअररला बैठक ३० मिलिमीटरची, एक इंचीला २६.४ ची, काही एक इंचींना २७. रेस घट्ट जात असेल तर लेथवर रेस थोडी मोठी करून घ्या किंवा चिरलेली रेस वापरा. कार्बनची बैठक कानशीने घासायची नाही. ठोकताना फोर्क ड्रॉपआउटवर उभा ठेवू नका, क्राउनजवळ लाकडात धरा.

स्टीअररची लांबी काढताना हेड ट्यूब, हेडसेटची बाहेर राहणारी उंची, स्पेसर आणि स्टेमची पकड यांची बेरीज करून तीन मिलिमीटर वजा करा. उदाहरणार्थ १२० अधिक २७ अधिक १० अधिक ४० म्हणजे १९७, कापायचं १९४ ला. खात्री नसेल तर २० मिलिमीटर जास्त ठेवा, वर स्पेसर टाकून चालवून बघा, मग कापा. कार्बन कापताना खुणेवर टेप गुंडाळा, इंचाला ३२ दात असलेलं पातं लावा, पाणी शिंपडत दोन बाजूंनी कापा म्हणजे शेवटचे धागे फाटत नाहीत. ती धूळ फुप्फुसांना घातक आहे. मास्क लावा, घरात कापू नका, अंग पुसायला ओला फडका घ्या.

स्टील किंवा ॲल्युमिनियमच्या स्टीअररमध्ये स्टार नट ठोकता येतो. कार्बनमध्ये तो आतून चरे पाडतो, तिथे फुलणारा एक्सपांडर प्लगच हवा आणि तो स्टेम जिथे आवळतो त्याच उंचीवर. स्टेम आणि कार्बन यांच्यामध्ये ग्रीस नाही, कार्बन पेस्ट. टॉर्क पान्याने स्टेमवर छापलेला आकडाच पाळा, बहुधा ५ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर उसना आणा, अंदाजाने आवळलेला कार्बन स्टीअरर चिरतो आणि ती चीर स्टेमखाली झाकलेली राहते. क्रम असा: आधी वरच्या टोपीचा बोल्ट हेडसेटची ढील जाईपर्यंतच, मग स्टेमचे बोल्ट आळीपाळीने. चाक ९० अंशात वळवून, पुढचा ब्रेक दाबून, सायकल ढकलून बघा. खटखट आली तर पुन्हा.

चाक लावल्यावर रिम दोन पायांच्या बरोबर मध्ये येते का ते मोजा. नसेल तर चाक उलटं करून लावा. सरकण्याची बाजू बदलली तर दोष चाकाच्या आऱ्यांत, तीच राहिली तर फोर्कमध्ये. कार्बन फोर्क असा निघाला तर परत करा, ड्रॉपआउट कानशीने घासून जुळवू नका.

पहिली वीस किलोमीटर सपाट रस्त्यावर चालवा, घाट नको. परत येऊन सगळे बोल्ट तपासा.

तपासणी

महिन्यातून एकदा चाक काढून फोर्क धुवा आणि क्राउन, ड्रॉपआउट व ब्रेक माउंट उजेडात बघा. स्टीलवर रंगाचे फुगे म्हणजे खाली गंज, वेल्डच्या कडेला केसासारखी तांबूस रेघ म्हणजे चीर. कार्बनवर सुती कापड सगळीकडून फिरवा, धागा अडकला तिथे थांबून बघा. नाण्याने हलकेच ठोकत जा. टणक आवाजाच्या मध्ये एखादी जागा बद्द वाजली तर थर सुटले आहेत. मात्र जाडी बदलते तिथे आवाजही बदलतो, म्हणून डाव्या पायाची तीच जागा उजव्या पायाशी ताडून बघा. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, फोर्क पूर्ण बाहेर काढून स्टेमखालचा भाग तपासा.

बसच्या टपावर किंवा रेल्वेच्या लगेज डब्यात सायकल पाठवताना पुढचं चाक काढलं, तर ड्रॉपआउटमध्ये १०० मिलिमीटरचा जुना हब किंवा लाकडाचा ठोकळा घाला. दोरी कार्बनच्या पायांवरून आवळू नका.

जोरात आपटल्यानंतर स्टील मोजून ठरवता येतं. कार्बन बाहेरून धड दिसला तरी अल्ट्रासाउंडसारख्या तपासणीशिवाय आतलं सांगता येत नाही. समोरून भिंतीला, ट्रॉलीला किंवा खोल खड्ड्याच्या कडेला इतका मार बसला असेल की रिम वाकली, तर कार्बन फोर्क बदला. जुना वापरलेला कार्बन फोर्क स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका. नव्यावर उत्पादकाचं नाव, कमाल वजन आणि आयएसओ ४२१० या सायकलींच्या सुरक्षा मानकाचा उल्लेख बघा. फोल्डिंग सायकलीसाठीच्या काही हलक्या कार्बन फोर्कवर कमाल वजन लिहिलेलंच नसतं, ते दुकानातच ठेवा.